क्रूझवर दारू नेताना: किती चालते, कुठे अडते आणि खर्च किती येतो

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हा आम्ही घरचे ९ जण सिंगापूरहून क्रूझला गेलो होतो. पहिल्या रात्रीच्या जेवणाला सासूबाई पैठणी नेसणार होत्या. पैठणी निळ्या बॅगेत होती, आणि निळी बॅग काही खोलीपाशी आली नाही. आठ वाजून गेले. बाकीच्यांच्या बॅगा केव्हाच दारात येऊन पडल्या होत्या. शेवटी चौकशी केल्यावर आम्हाला अगदी खालच्या डेकवर पाठवलं. तिथे एका लांब टेबलावर वीसेक बॅगा मांडल्या होत्या, त्यात आमची निळी. भाऊजींनी व्हिस्कीची बाटली फुटू नये म्हणून पैठणीच्या घडीत गुंडाळून ठेवली होती. एक्स-रेमध्ये ती स्पष्ट दिसली होती. तिथल्या माणसाने बॅग आमच्यासमोरच उघडायला लावली, बाटली काढली, खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या गळ्याला अडकवली आणि वहीत सही घेतली. सगळं अगदी सभ्यपणे झालं, पण तोवर सव्वानऊ वाजले होते. त्या रात्रीचा फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे आणि त्यात सासूबाई प्रवासातल्या सुती साडीवर आहेत.

मला ते आजही लागतं, कारण टाळणं अगदी सोपं होतं. नियम तिकिटाबरोबर आलेल्या कागदांत लिहिलेला होता. आमच्यापैकी कुणी तो वाचला नव्हता. तेव्हापासून घरातल्या आणि सोसायटीतल्या प्रत्येक क्रूझच्या वेळी हे काम मी स्वतःकडे घेते. तेच इथे क्रमाने सांगते.

पहिलं काम: आपली कंपनी काय चालवून घेते ते बघणं

बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचा नियम ढोबळमानाने असा असतो: जहाजावर चढायच्या दिवशी मोजकी वाइन किंवा शॅम्पेन चालते, व्हिस्की, रम, व्होडका, जिन कधीच चालत नाही आणि बिअरही जवळपास कुठे चालत नाही. तपशील मात्र कंपनीगणिक बदलतो, आणि आपले लोक फसतात ते तपशिलातच.

रॉयल कॅरिबियनवर पिण्याच्या वयाच्या प्रत्येक प्रवाशाला ७५० मिलीची एक सीलबंद बाटली नेता येते, वाइन किंवा शॅम्पेन. हे वय अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर २१ आणि आशिया, युरोप, ऑस्ट्रेलियातून निघणाऱ्या जहाजांवर १८ आहे. म्हणजे कॉलेजात शिकणारा २० वर्षांचा मुलगा सिंगापूरच्या जहाजावर मोजणीत धरला जातो, मायामीच्या जहाजावर नाही. कार्निव्हलवरही माणशी एकच बाटली, वय २१, आणि ती हातातल्या सामानातच हवी. नॉर्वेजियनचा हिशोब वेगळा आहे. तिथे वाइनच्या बाटल्यांची संख्या मोजत नाहीत, पण ७५० मिलीच्या प्रत्येक बाटलीमागे १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीमागे ३० डॉलर आकारतात, मग ती तुम्ही खोलीत बसून प्या नाहीतर रेस्टॉरंटमध्ये. अमेरिकेतल्या डिस्नीच्या जहाजांवर सर्वांत मोकळीक आहे: २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला वाइनच्या २ बाटल्या किंवा बिअरचे ६ कॅन, आणि तेही नुसतं चढताना नाही, वाटेतल्या प्रत्येक बंदरावरून परत येताना.

खोक्यातली वाइन, म्हणजे बॉक्स वाइन, नेऊच नका. नियमात ‘बाटली’ लिहिलेलं असतं आणि बाटलीच धरतात. अर्धी प्यायलेली, बूच पुन्हा बसवलेली बाटलीही परत पाठवतात.

हे नियम कंपन्या बदलत राहतात. म्हणून बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा कंपनीच्या साइटवरचं त्याच तारखेच्या सफरीचं पान उघडून बघा. टूर कंपनीच्या माणसाने फोनवर दिलेल्या ‘चालतं हो, सगळे नेतात’ या आश्वासनावर जाऊ नका. बाटली अडली की टेबलासमोर तुम्ही उभे असता, तो नसतो.

पाण्याच्या बाटलीत, माउथवॉशच्या बाटलीत किंवा प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये भरून नेण्याचे प्रकार सगळ्यांनी ऐकलेले असतात. तपासणाऱ्यांनी तर रोज बघितलेले असतात. या प्रकारांमुळेच कार्निव्हलने २०१५ मध्ये प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणि सॉफ्ट ड्रिंकच्या बाटल्या आणायला बंदी केली. आता तिथे सॉफ्ट ड्रिंक फक्त कॅनमध्ये चालतं, माणशी १२, तेही हातातल्या सामानात. काहींनी व्होडका पाण्याच्या बाटलीत नेली, आणि त्यापायी लहान मुलांच्या आयांना पाण्याच्या बाटल्या नेणं बंद झालं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, त्यामुळे त्या युक्त्या मी सांगणार नाही.

दुसरं काम: विमानाचा नियम आणि सिंगापूरचा कस्टम

पुण्या-मुंबईचे बहुतेक लोक क्रूझसाठी आधी विमानाने सिंगापूरला जातात. म्हणजे बाटली जहाजापर्यंत पोचायच्या आधीच दोन नाकी लागतात.

विमानात केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली जात नाही, त्यामुळे घरून आणलेली बाटली चेक-इन बॅगेत. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, तीही दुकानातल्या सीलबंद पॅकिंगमध्ये. ७० टक्क्यांच्या वरची अजिबात नाही. वाइन २४ टक्क्यांच्या खालीच असते, त्यामुळे हा आकडा तिला लागत नाही. तिला वजन आणि काच सांभाळायची. मी बाटली आधी एका जाड मोज्यात घालते, मग झिपच्या पिशवीत, मग टॉवेलमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध आडवी ठेवते. कडेला ठेवलेली बाटली पट्ट्यावर आपटते. भरजरी कपड्यांच्या बॅगेत तर ती नकोच.

आता सिंगापूर. इथे आपल्याकडचे लोक हमखास अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

भारतात परत येताना माणशी २ लिटर दारू करमुक्त आणता येते, हे सगळ्यांना पाठ असतं. तोच २ लिटरचा आकडा डोक्यात ठेवून लोक मुंबई विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून जाताना एक-एक लिटरच्या दोन व्हिस्की घेतात. सिंगापूरची सवलतही एकूण २ लिटरचीच आहे, पण तिची वाटणी ठरलेली आहे. व्हिस्की-रमसारखी दारू फार तर १ लिटर. दुसरं लिटर वाइनचं किंवा बिअरचं. किंवा २ लिटर नुसती वाइन, किंवा २ लिटर नुसती बिअर, किंवा वाइन आणि बिअर एक-एक लिटर. दोन लिटर व्हिस्की ही वाटणी त्यात नाही. दुसऱ्या बाटलीवर कर भरावा लागतो: शुद्ध अल्कोहोलच्या प्रत्येक लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर. ४० टक्क्यांच्या एका लिटर व्हिस्कीत शुद्ध अल्कोहोल ४०० मिली, म्हणजे ३५ डॉलर २० सेंट, आणि वर ९ टक्के जीएसटी. न सांगता हिरव्या मार्गाने निघालात तर दंडाची पाळी येते. जास्तीचं जाहीर करून कर भरायचा असेल तर लाल मार्ग.

या सवलतीला अटी आहेत: वय १८ पूर्ण हवं, सिंगापूरबाहेर सलग ४८ तास किंवा जास्त राहून आलेले हवं, आणि मलेशियातून येत असाल तर ही सवलत मिळतच नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा, परतीच्या दिवशी तिचं काम आहे.

म्हणून माझा सल्ला असा: सिंगापूरहून क्रूझला जाताना सोबत व्हिस्की नेऊच नका. ती जहाजावर चालत नाही, जहाज ती ठेवून घेतं आणि शेवटी तुमच्या हातात अशा ठिकाणी देतं, जिथे तुमची सवलत संपलेली असू शकते. न्यायचीच असेल तर वाइनची एक-एक बाटली न्या. आम्ही त्यानंतरच्या सफरीत नाशिकची स्पार्कलिंग वाइन नेली होती, नवऱ्याची एक आणि माझी एक, मिळून दीड लिटर. विमान, सिंगापूरचा कस्टम आणि जहाज, तिन्ही ठिकाणी ती नियमात बसली. परदेशातल्या डेकवर नाशिकचं लेबल असलेली बाटली उघडताना मला फार बरं वाटलं होतं.

साधी वाइन न्यायची तर फिरकीच्या झाकणाची घ्या. बुचाची घेतली तर कॉर्कस्क्रू केबिन बॅगेत ठेवू नका. खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला सांगितलं की बाटली उघडून मिळते.

तिसरं काम: चढायच्या दिवशी बाटली कुठे ठेवायची

टर्मिनलवर पोचलात की हमाल मोठ्या बॅगा घेऊन जातात. त्या वेगळ्या मार्गाने तपासून संध्याकाळपर्यंत खोलीपाशी येतात. वाइनची बाटली त्या बॅगेत ठेवू नका, जरी ती नियमात बसत असली तरी. एक्स-रेमध्ये आतली बाटली वाइनची आहे की रमची, हे सांगता येत नाही, म्हणून बॅग बाजूला ठेवतात आणि तुमची संध्याकाळ जाते. बाटली हातातल्या पिशवीत ठेवा, तपासणीच्या पट्ट्यावर स्वतः वेगळी काढून ठेवा आणि विचारायच्या आधीच ‘वाइन, एक’ असं सांगा. प्रत्येकाची बाटली ज्याच्या-त्याच्या हातात असू द्या. चौघांच्या चार बाटल्या एका पिशवीत दिसल्या की प्रश्न सुरू होतात.

पहिल्या रात्री लागणारे कपडे, औषधं आणि मुलांचं सामानही हातातल्या बॅगेत. बॅग कशामुळेही अडू शकते. दारू नसतानाही आपल्या बायकांच्या बॅगा ज्यावरून अडतात ती वस्तू म्हणजे चहाची इलेक्ट्रिक किटली. आग लागण्याच्या भीतीने किटली, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड जहाजं ठेवून घेतात.

चौथं काम: पैशांचा हिशोब, आणि तो घरी बसूनच

स्वतःची बाटली खोलीत प्यायलात तर रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर काही पैसे लागत नाहीत. तीच बाटली जेवणाच्या हॉलमध्ये नेली की ‘कॉर्केज’ लागतं, दोन्हीकडे बाटलीमागे १५ डॉलर. हे पैसे जास्त वाटतात, पण ताडून बघा. जहाजावर वाइनचा एक ग्लास १३ डॉलरला धरू. रॉयल कॅरिबियनवर त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे बिलातच धरलेली टीप, लागते, नॉर्वेजियनवर २० टक्के. १८ टक्क्यांनी तो ग्लास १५ डॉलर ३४ सेंटला पडला. ७५० मिलीच्या बाटलीत असे ५ ग्लास होतात, म्हणजे जवळपास ७७ डॉलर. त्यापुढे घरून आणलेली बाटली आणि १५ डॉलर कॉर्केज स्वस्तच आहे. घरातला काही समारंभ असेल तर बाटली हॉलमध्येच न्या, खोलीत लपून पिण्यात काही आनंद नाही.

खरा मोठा खर्च आहे तो ड्रिंक पॅकेजचा, म्हणजे दिवसाचा ठरलेला दर आधीच भरून पेयं घ्यायच्या सोयीचा. बुकिंग झाल्यापासून मेलवर मेल येतात: आत्ता घ्या, ३० टक्के सूट. इथे शांतपणे कागद-पेन घेऊन बसा.

समजा पॅकेजचा दर दिवसाला ७५ डॉलर आहे. दर सफरीप्रमाणे बदलतो, हा मी हिशोबापुरता धरला आहे. त्यावर १८ टक्के धरले की ८८ डॉलर ५० सेंट. आता पॅकेजमधली अट: एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्या खोलीतल्या पिण्याच्या वयाच्या बाकी सगळ्यांनाही घ्यावं लागतं. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल दोन्हीकडे हे आहे. म्हणजे नवरा-बायको, ४ रात्री: ८८.५० गुणिले २ गुणिले ४, ७०८ डॉलर.

दुसऱ्या बाजूला सुटं मांडू. नवरा दिवसाला ८ डॉलरच्या २ बिअर आणि १३ डॉलरचं एक कॉकटेल घेतो. ग्रॅच्युइटीसकट ३४ डॉलर २२ सेंट. बायको एक मॉकटेल आणि एक कॉफी घेते, १५ डॉलर ३४ सेंट धरा. दोघांचे मिळून दिवसाला ४९ डॉलर ५६ सेंट, ४ दिवसांचे १९८ डॉलर २४ सेंट. पॅकेजपेक्षा ५०० डॉलरहून जास्त वाचले. पॅकेज वसूल करायचं तर दिवसाला सहा कॉकटेल प्यावी लागतील, रोज, दोघांनीही. आणि बंदरावर उतरून फिरायला गेलात त्या दिवशी तुम्ही जहाजावर जेमतेम संध्याकाळी असता.

माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी कुटुंबांत एक माणूस पितो आणि एक नाही. त्यांना हे पॅकेज परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नाही पिणाऱ्याला गरोदरपण, औषधं किंवा तसंच कारण असेल तर बुकिंगच्या वेळी फोन करून अट शिथिल होते का ते विचारा. चार मित्र एकत्र निघाले असतील, समुद्रातच दिवस जास्त असतील आणि सगळे पिणारे असतील, तर पॅकेजचा विचार करायला हरकत नाही. तेव्हाही मर्यादा वाचा. रॉयल कॅरिबियनचं डिलक्स पॅकेज १४ डॉलरपर्यंतच्या पेयाला लागू होतं, वरचा फरक तुमचा. कार्निव्हलचं ‘चिअर्स’ २४ तासांत दारूच्या १५ पेयांवर थांबतं.

पाचवं काम: वाटेतल्या बंदरावर घेतलेली बाटली

फुकेतला, पेनांगला, नासाऊला दुकानात बाटली आवडली तर घ्या, पण ती त्या रात्री प्यायला मिळेल असं समजू नका. जहाजावर परत चढताना शिडीपाशीच तपासणी असते. तिथे बाटली घेतात, पावती देतात आणि सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी किंवा शेवटच्या सकाळी परत करतात. जहाजावरच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतलेल्या बाटलीचंही तेच. पावतीचा फोटो काढून ठेवा. शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून घ्यायची असेल तर विमानाची वेळ बघून आधीच पहिल्या अर्ध्या तासात जा.

सिंगापूरहून मलेशियातल्या पोर्ट क्लांग आणि पेनांगला जाऊन येणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी आपल्याकडे फार खपतात. या जहाजाचं शेवटचं बंदर मलेशियात असलं तर सिंगापूरला उतरताना तुम्ही मलेशियातून आलेले असता. वर सांगितलेली अट इथे लागते: एका बाटलीचीही सवलत नाही. जहाजाने परत दिलेली व्हिस्की असो की जहाजावरच्या दुकानातली वाइन, कर भरूनच बाहेर. म्हणून या मार्गावर बाटलीची खरेदी करूच नका. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर परतीच्या विमानाआधी ड्युटी फ्रीमध्ये घ्या.

मुंबईहून जाणारे

बॅलार्ड पिअरहून निघणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या जहाजावर बाहेरची दारू चालत नाही. जी काही घ्यायची ती जहाजावरच्या बारमध्ये.

गोव्याच्या फेरीत लोकांना मोह होतो तो तिथे उतरून स्वस्तात बाटल्या घ्यायचा. बाटलीवरचं लेबल वाचा, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं. ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा आपल्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग आणणारी गाडी असो, रेल्वे असो की जहाज. काजूची फेणीही याला अपवाद नाही.

लक्षद्वीपच्या फेरीला जाणार असाल तर जास्त जपा. बंगारम बेट सोडलं तर तिथे दारूबंदी आहे. जहाजावर प्यायला हरकत नाही, पण लहान होडीने बेटावर उतरताना पिशवीत बिअरचा कॅनही नको. ते तिथल्या लोकांचं घर आहे, त्यांचा नियम आपण पाळायलाच हवा. मालदीवचंही तेच. माले विमानतळावर उतरून क्रूझ पकडणार असाल तर तिथल्या कस्टममध्ये सामान एक्स-रेमधून जातं आणि दारू काढून घेतात.

अमेरिकेतल्या मुलांकडे जाणारे

मुलगा-सून फ्लोरिडाहून बहामाची क्रूझ बुक करतात आणि आई-बाबांना नेतात, असं आता घरोघरी होतं. तिथे सगळ्या कंपन्यांचं वय २१. ओळखपत्र मागतात, सत्तरीच्या बाबांकडेही, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. परत अमेरिकेत उतरताना २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला साधारण १ लिटर करमुक्त आणता येतं. ह्यूस्टनकडची मंडळी गॅल्व्हेस्टनहून निघतात. तिथे केंद्राच्या कस्टमपलीकडे टेक्सास राज्याचं वेगळं टेबल असतं आणि ‘ड्युटी फ्री’ म्हणून घेतलेल्या बाटलीवरही राज्याचा कर भरावा लागतो. रक्कम मोठी नसते, पण ती माहीत नसल्याने तिथे रांगेत वाद होताना मी बघितले आहेत.

शेवटचं काम: घरी आणताना

भारतात माणशी २ लिटर, दारू आणि वाइन मिळून. चांगीला घेतलेलं आणि मुंबईत उतरल्यावर ड्युटी फ्रीमधून घेतलेलं एकत्र मोजलं जातं. चांगीला दोन लिटर घेतले असतील तर मुंबईत तिसरं लिटर घेऊ नका.

विमान थेट असेल तर दुकानाने दिलेल्या सीलबंद पारदर्शक पिशवीत बाटली हातातून येते. मध्ये कोलंबो किंवा बँकॉकला विमान बदलायचं असेल तर ती पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नाही, आत ठेवलेली पावतीही बाहेर काढायची नाही. मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि सील तुटलेलं दिसलं की १०० मिलीचा नियम लागून बाटली तिथेच राहते.